औषधे नियमित चालू असूनही रक्तात एचआयव्ही दिसत राहिला तर

वर्षानुवर्षे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या उपचाराच्या, गोळ्या वेळेवर घेणाऱ्या व्यक्तीच्या व्हायरल लोडच्या (रक्तातील विषाणूच्या प्रमाणाच्या) अहवालावर ८४, मग ६१, मग ११० असे आकडे येऊ लागले, की पहिला संशय त्या व्यक्तीवर घेतला जातो आणि दुसरा औषधावर. गोळ्या चुकत असणार, नाहीतर विषाणू औषधाला दाद देईनासा झाला असणार, असा सरळ तर्क त्यामागे असतो. पुष्कळदा तो बरोबरही निघतो. मात्र काही व्यक्तींच्या बाबतीत हे दोन्ही संशय निराधार असतात. औषध आपले काम पूर्णपणे करत असते, गोळी एकही चुकलेली नसते, आणि तरीही विषाणूचे कण रक्तात येत राहतात. या तीन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या आणि त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या, याची माहिती पुढे दिली आहे. या तपासात क्रमाला महत्त्व आहे, कारण तिसऱ्या शक्यतेवर पहिल्या दोन नाकारल्याशिवाय पोहोचता येत नाही.

आधी अहवाल नीट वाचावा

व्हायरल लोडची चाचणी एक मिलिलिटर प्लाझ्मामध्ये (रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) एचआयव्हीच्या आरएनएच्या, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याच्या, किती प्रती आहेत, एवढेच मोजते. विषाणूच्या प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात. तो कण नव्या पेशीला संसर्ग करू शकतो की निकामी आहे, हे या चाचणीला कळत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवावी, कारण पुढील विवेचनाचा बराचसा भाग तिच्यावरच आधारलेला आहे.

यंत्र आणि पद्धत यांनुसार चाचणीची खालची मर्यादा २०, ४० किंवा ५० प्रती अशी वेगवेगळी असते. त्यामुळे अहवालात तीन प्रकारचे शेरे येऊ शकतात: विषाणू आढळला नाही; आढळला, पण मोजण्याच्या मर्यादेपेक्षा कमी; किंवा प्रत्यक्ष आकडा. पहिल्या दोन शेऱ्यांमध्ये उपचाराच्या दृष्टीने फरक करण्याचे कारण नाही. ‘आढळला’ हा शब्द वाचून धास्तावणारे लोक पुष्कळ असतात, आणि खरे तर अहवालाची भाषाच याला जबाबदार आहे.

आकडा दिलेला असेल तर तो मागच्या आकड्याशी तुलना करूनच वाचावा, आणि ती तुलना शक्यतो एकाच प्रयोगशाळेतील, एकाच पद्धतीने केलेल्या चाचण्यांमध्ये करावी. व्हायरल लोडमधील बदल लॉगरिदमच्या पट्टीवर मोजतात. साधारण अर्धा लॉग, म्हणजे सुमारे तिप्पट फरक पडला तरच तो खरा बदल धरण्याची पद्धत आहे. ४० वरून ९० झाले याचा अर्थ दुपटीने वाढले असा होत असला, तरी मोजणीच्या तळाशी एवढी हेलकावणी नेहमीचीच असते, आणि एकाच नमुन्याची दोनदा चाचणी केली तरी असे दोन आकडे येऊ शकतात. ६० वरून ९०० वर गेलेला आकडा मात्र वेगळ्या वर्गातला आहे.

नमुना कसा घेतला आणि कसा हाताळला, हेही विचारावे. प्लाझ्मा पेशींपासून वेळेत वेगळा केला नाही, किंवा जेल असलेल्या नळीतला नमुना तशाच अवस्थेत साठवला आणि पाठवला, तर पेशींमधील विषाणूचे जनुकीय द्रव्य प्लाझ्मात मिसळून आकडा खोटाच वाढतो. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून केलेल्या चाचणीतही संपूर्ण रक्त असल्यामुळे पेशींमधला अंश मोजला जाण्याची शक्यता राहते. कमी पातळीवरचा संशयास्पद आकडा अशा नमुन्यावरून आला असेल तर नीट वेगळ्या केलेल्या प्लाझ्मावर चाचणी पुन्हा करून घेणे हे पहिले काम आहे. बाकी सारे त्यानंतर.

उपचार नुकताच सुरू झाला असेल तर थांबण्याची तयारी ठेवावी. डॉल्युटेग्राविरसारखे इंटिग्रेज-रोधक औषध असलेल्या उपचारात पहिल्या महिन्याभरातच आकडा साधारण शंभरपट खाली येतो आणि बहुतेकांचा विषाणू तीन महिन्यांत मोजणीच्या खाली जातो. पण सुरुवातच दहा लाखांवरून झाली असेल तर शंभरपट घट होऊनही दहा हजार उरतात. अशा व्यक्तीला सहा महिने लागले तर त्यात अपयश नाही.

औषध काय थांबवते आणि काय थांबवू शकत नाही

एचआयव्ही रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशीत शिरतो, आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो आणि तो डीएनए पेशीच्या गुणसूत्रात कायमचा जोडून टाकतो. त्यानंतर ती पेशी त्या डीएनएवरून विषाणूचे नवे कण तयार करू लागते. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन, एफाव्हिरेन्झ ही औषधे आरएनएपासून डीएनए बनण्याची क्रिया रोखतात. डॉल्युटेग्राविर तो डीएनए गुणसूत्रात जोडला जाऊ देत नाही. प्रोटिएज-रोधक औषधे बाहेर पडलेल्या कणांना परिपक्व होऊ देत नाहीत. या सर्वांचा परिणाम एकच: नव्या पेशीला संसर्ग होत नाही. परंतु ज्या पेशीच्या गुणसूत्रात विषाणूचा डीएनए आधीच बसला आहे, त्या पेशीला कण तयार करण्यापासून यांपैकी एकही औषध अडवत नाही. प्रोटिएज-रोधक औषधामुळे बाहेर पडणारे कण निकामी होतात, पण त्यांच्यातला आरएनए चाचणीत मोजला जातोच.

असे असूनही उपचार सुरू केल्यावर आकडा कोसळतो, याचे कारण विषाणू तयार करणाऱ्या बहुतेक पेशी अल्पायुषी असतात. त्यांचे अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या पेशी संपायला लागणारा काळ, एक-दोन दिवसांचे असते. त्यानंतर काही आठवडे जगणाऱ्या पेशींचा दुसरा गट संपतो. उरतो तो तिसरा गट: विश्रांतीच्या अवस्थेत गेलेल्या, स्मृती राखणाऱ्या सीडी-४ पेशी, ज्यांच्यात विषाणूचा डीएनए गप्प बसलेला असतो. अशा पेशी साधारण दहा लाख विश्रांत पेशींमागे एक इतक्या विरळ असतात. १९९७ मध्ये, म्हणजे तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाल्यानंतर लगेचच, संशोधकांच्या वेगवेगळ्या गटांनी हा सुप्त साठा उपचाराखालील रुग्णांमध्ये दाखवून दिला. २००३ च्या एका मोजणीत त्याचे अर्धायुष्य सुमारे ४४ महिने निघाले. त्या हिशेबाने तो आपोआप संपायला ७३ वर्षांहून अधिक काळ लागेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर याहून निराशाजनक गोष्ट पुढे आणली: दोन दशके उपचार घेतलेल्या व्यक्तींमध्ये हा साठा घटत नव्हता, काहींमध्ये किंचित वाढत होता.

ज्या पेशी झिजून संपायला हव्यात, त्या वाढतात कशा, या प्रश्नाचे उत्तर २०१४ पासून स्पष्ट होत गेले. स्मृतिपेशीचे कामच असे, की ओळखीचा जंतू पुन्हा भेटला की तिने विभागून आपली संख्या वाढवावी. तिच्या गुणसूत्रात एचआयव्हीचा डीएनए असेल, तर पेशी विभागताना त्या डीएनएचीही प्रत तयार होते आणि ती पेशीच्या स्वतःच्या अचूक यंत्रणेकडून होते. या प्रक्रियेत विषाणूचे कोणतेही एन्झाइम वापरले जात नाही, त्यामुळे औषधाला अडवण्यासारखे तेथे काहीच नसते. अशा रीतीने एकाच पूर्वज पेशीपासून हजारो, कधी लाखो पेशींचा वंश तयार होतो. त्याला क्लोन म्हणतात. वंशातील प्रत्येक पेशीत विषाणूचा डीएनए गुणसूत्राच्या अगदी त्याच जागी असतो, आणि याच खुणेवरून प्रयोगशाळेत तो ओळखला जातो.

रक्तात मोकळा फिरणारा कण फार तर काही तास टिकतो. म्हणून एखाद्याच्या अहवालात महिनोन्महिने ८० च्या आसपासचा आकडा येतो, तेव्हा तो कधीकाळचा उरलेला विषाणू असू शकत नाही. तो रोज ताजा तयार होत असतो. तो कोठून येतो याची दोनच उत्तरे संभवतात. एकतर औषध अपुरे पडत असून नव्या पेशींना संसर्ग होत आहे, किंवा जुन्या, आधीच संसर्ग झालेल्या पेशींपैकी काही जाग्या होऊन कण सोडत आहेत. दुसऱ्या प्रकाराला पाझर म्हणता येईल: धरणाचे दरवाजे घट्ट बंद असले तरी भिंतीतून थोडे पाणी झिरपतेच. अतिसंवेदनशील चाचण्यांनी पाहिले तर उपचार यशस्वी मानल्या गेलेल्या बहुतेकांच्या रक्तातही मिलिलिटरमागे एखाद-दोन प्रती सापडतात. नेहमीच्या चाचणीला त्या दिसत नाहीत, इतकेच. ज्यांच्यातला क्लोन फार मोठा आहे, त्यांचा पाझर नेहमीच्या चाचणीच्या मर्यादेच्या वर येतो.

एकदाच आकडा आला तर

आधीचे अहवाल स्वच्छ, मध्येच एकदा ५० ते २०० च्या दरम्यानचा, क्वचित त्याहून मोठा आकडा, आणि पुढचा अहवाल पुन्हा स्वच्छ, याला ब्लिप म्हणतात. ब्लिपसाठी औषध बदलत नाहीत. मात्र तो ब्लिप होता हे पुढच्या चाचणीनंतरच ठरते, म्हणून ती चाचणी टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ५० पेक्षा जास्त आकडा आल्यास गोळ्या घेण्याबाबत समुपदेशन करून तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. उपचार असफल झाल्याचा निष्कर्ष मात्र १००० च्या वरचा आकडा असा पुन्हा केलेल्या चाचणीत कायम राहिल्यावरच काढावा. काही देशांच्या मार्गदर्शनात हा उंबरठा २०० आहे. आपल्या डॉक्टरांनी कोणता उंबरठा धरला आहे, हे विचारून घ्यावे, म्हणजे पुढची चर्चा नेमकी होते.

आकडा सलग येत राहिला तर

येथे गोळ्यांपासूनच सुरुवात करावी, परंतु चौकशीच्या सुरात नव्हे. ‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नाला बहुतेक लोक ‘हो’ म्हणतात. प्रश्नातच अपेक्षित उत्तर दडलेले असते. ‘गेल्या महिन्यात किती वेळा गोळी राहून गेली?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, कारण राहून जाणे हे त्यात गृहीत धरलेले असते. स्वतःचा हिशेब स्वतः करणाऱ्यानेही याच पद्धतीने करावा: प्रवासातले दिवस, रात्रपाळीचे आठवडे, पाहुणे असताना डबी बाहेर न काढलेले दिवस, औषध संपल्यानंतर नवे मिळेपर्यंतचे दिवस. औषध मिळाल्याच्या तारखा आणि उरलेल्या गोळ्या यांचा मेळ घातला तर स्मरणशक्तीवर विसंबण्याचे कारण उरत नाही. जेथे सोय असेल तेथे रक्तातील किंवा लघवीतील औषधाची पातळीही तपासता येते. ही चाचणी व्यक्तीवर अविश्वास म्हणून न पाहता तिच्या बाजूचा पुरावा म्हणून पाहावी, असे माझे मत आहे. ज्याने खरोखर एकही गोळी चुकवलेली नाही, त्याच्या म्हणण्याला या चाचणीइतका भक्कम आधार दुसरा नाही.

गोळी पोटात गेली म्हणजे रक्तात पोहोचलीच असे नाही, आणि ही तपासणी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. डॉल्युटेग्राविर आणि त्याच्या गटातील औषधे कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांना आतड्यात चिकटून बसतात आणि त्यामुळे शोषली जात नाहीत. समजा, एखादी व्यक्ती रात्री जेवणानंतर एआरटीची गोळी घेते आणि जळजळ होते म्हणून त्याच वेळी दोन चमचे अँटासिडही घेते. गोळी एकदाही चुकत नाही, हिशेब चोख जुळतो, आणि तरी औषधाचा मोठा भाग वाया जातो. अँटासिड घ्यायचेच असेल तर डॉल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे; मात्र त्या जेवणासोबत घेतल्या तर डॉल्युटेग्राविर त्याच वेळी घेतलेले चालते. उपाशीपोटी ही सवलत नाही. ताकदीच्या म्हणून सहज घेतल्या जाणाऱ्या बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्यांमध्ये हीच खनिजे असतात, आणि त्यांना कोणी ‘औषध’ मानत नसल्यामुळे डॉक्टरांसमोर त्यांचा उल्लेखही होत नाही.

दुसरा अडथळा यकृतातला. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, तसेच फिट्सवरील कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटॉल ही औषधे यकृतातील एन्झाइमांचा वेग वाढवतात आणि एआरटीतील काही औषधे शरीरातून लवकर बाहेर टाकतात. रिफॅम्पिसिन चालू असताना डॉल्युटेग्राविर दिवसातून एकदा ५० मिलिग्रॅमऐवजी दोनदा ५० मिलिग्रॅम द्यावे लागते. हा बदल करायचा राहून गेला असेल तर आकडा वर येण्याचे कारण तेथेच सापडेल. रिल्पिविरिन हे औषध जेवणासोबतच घ्यावे लागते, शिवाय त्याला पोटातील आम्लही लागते. ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधे त्याच्यासोबत चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळी औषधे, पूरके, चूर्णे, काढे, जे काही तोंडावाटे घेतले जाते ते सर्व पिशवीत घालून न्यावे. तोंडी यादीत हमखास काहीतरी राहून जाते. दीर्घकाळ जुलाब किंवा उलट्या होत असतील, अथवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर तेही आवर्जून सांगावे.

हे सर्व तपासून झाल्यावर प्रश्न येतो औषधप्रतिकाराचा. विषाणूत बदल घडतात ते मुख्यतः आरएनएपासून डीएनए बनताना, म्हणजे नव्या पेशीला संसर्ग होत असतानाच. औषधाची पातळी अपुरी असेल तर हा संसर्ग चालू राहतो आणि बदललेल्या विषाणूंपैकी जे औषधापुढे टिकतात ते पुढे जातात. लॅमिव्हुडीनला किंवा एफाव्हिरेन्झला निष्प्रभ करायला एकच बदल पुरतो. डॉल्युटेग्राविरचा बांध बराच उंच आहे, पण अभेद्य नाही. प्रतिकार शोधणाऱ्या जनुकीय चाचणीला सामान्यतः ५०० ते १००० प्रतींच्या वरचा व्हायरल लोड लागतो. काही प्रयोगशाळा २०० च्या पुढे प्रयत्न करतात. ही चाचणी औषध चालू असताना, निदान बंद केल्यापासून चार आठवड्यांच्या आत करावी, कारण औषधाचा दाब हटला की मूळ, न बदललेला विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि बदललेला चाचणीत दिसेनासा होतो. आकडा फारच कमी असेल तर पेशींमधील डीएनएवरून चाचणी करता येते. तिच्यात भूतकाळात साठून राहिलेले बदल दिसतात. ते आज रक्तात असलेल्या विषाणूचेच असतील असे नाही, त्यामुळे तिचा निकाल जपून वाचावा लागतो.

२०० ते १००० च्या दरम्यान रेंगाळणारा आकडा पुढे उपचार असफल होण्याची शक्यता वाढवतो, याबाबत अभ्यासांमध्ये फारसे दुमत नाही. ५० ते २०० च्या पट्ट्याबाबत निष्कर्ष मिश्र आहेत. म्हणून पहिल्या गटात तपास तातडीने आणि दुसऱ्या गटात सावकाश, पण शेवटपर्यंत करावा.

सारे ठीक असूनही आकडा हलत नसेल तर

गोळ्यांचा हिशेब जुळतो, रक्तात औषधाची पातळी पुरेशी आहे, आड येणारे दुसरे औषध नाही, चालू औषधांविरुद्ध प्रतिकार सापडलेला नाही, आणि तरी आकडा ५० ते काही शे यांच्या दरम्यान स्थिर आहे. येथे तिसऱ्या शक्यतेचा विचार सुरू होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमक्या अशाच व्यक्तींच्या रक्तातील विषाणूची जनुकीय रचना वाचण्यात आली. रक्तातील कण मोठ्या प्रमाणावर एकमेकांशी तंतोतंत जुळणारे होते आणि त्यांचा उगम संसर्गित पेशींच्या मोठ्या क्लोनपर्यंत पोहोचवता आला. हा पुरावा निर्णायक का, हे थोडे थांबून समजून घ्यावे. विषाणू पेशीमागून पेशीला संसर्ग करत असता तर प्रत्येक फेरीत किरकोळ चुका साठल्या असत्या आणि काही महिन्यांत कणाकणांत फरक पडला असता. तो फरक नाही, याचा अर्थ नव्या संसर्गाची फेरी झालेलीच नाही. एकाच साच्यातून तेच कण पुन्हा पुन्हा बाहेर पडत आहेत.

यातील काही क्लोनमधील विषाणू संसर्गक्षम होते. औषध थांबवले तर तेच विषाणू परत फैलावू शकतात. २०२३ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी आणखी एक वेगळा प्रकार दाखवला. काही व्यक्तींमध्ये गुणसूत्रात बसलेल्या विषाणूच्या डीएनएच्या सुरुवातीच्या भागात दोष होता. अशा डीएनएवरून कण तयार होतात, त्यांच्यात आरएनए भरला जातो, चाचणीत ते मोजलेही जातात. परंतु नव्या पेशीला संसर्ग करण्याची क्षमता त्यांच्यात नसते. उपचाराखालील व्यक्तीच्या शरीरातील एचआयव्हीचा नव्वद टक्क्यांहून अधिक डीएनए कोणत्या ना कोणत्या दोषामुळे निकामी असतो, हे आधीपासून माहीत होते. तो निकामी डीएनए व्हायरल लोडच्या अहवालावर आकडा उमटवू शकतो, ही नवी गोष्ट होती. थोडक्यात, अहवालावर १५० लिहिलेले असूनही त्यातला एकही कण कामाचा नसेल, असे घडू शकते.

मग औषध वाढवून हा आकडा खाली आणता येईल का? चालू उपचारात राल्टेग्राविरसारखे आणखी एक औषध मिळवून पाहण्याचे प्रयोग २००९-१० च्या सुमारास झाले आणि उरलेला विषाणू त्यामुळे घटला नाही. कारण वर सांगितलेलेच आहे: जेथे नवा संसर्गच होत नाही, तेथे नवा संसर्ग रोखणारे आणखी एक औषध कशाला अडवणार? त्यामुळे क्लोनचा संशय बळावल्यावर औषधांची संख्या वाढवत नेणे म्हणजे दुष्परिणामांची बेरीज करणे होय. चालू उपचार तसाच ठेवणे, आकड्यावर लक्ष ठेवणे आणि कारण रुग्णाला नीट समजावून सांगणे, हाच आजघडीचा योग्य मार्ग आहे. क्लोन निश्चित करणाऱ्या जनुकीय चाचण्या संशोधनाच्या प्रयोगशाळांबाहेर सहसा होत नाहीत. दवाखान्यात हे निदान बाकीच्या शक्यता काटेकोरपणे वगळूनच केले जाते. आकडा अनेक महिने एकाच पट्ट्यात राहणे, औषध बदलूनही न हलणे आणि सीडी-४ ची संख्या टिकून राहणे या गोष्टी त्याला दुजोरा देतात. असा आकडा काही वर्षे राहून आपोआप खाली गेल्याचेही दिसून येते, कारण क्लोन लहान-मोठे होत असतात.

याला एक अपवाद आहे. रक्तातील आकडा कमी असूनही स्मरणशक्ती, चालणे, बोलणे किंवा वागणे यांत नव्याने बदल जाणवू लागले, तर मेंदूभोवतीच्या द्रवात विषाणू स्वतंत्रपणे वाढत असण्याची शक्यता असते. ही अवस्था विरळ आहे. तरीही अशी लक्षणे दिसल्यास पुढच्या नियोजित तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

जोडीदार, गर्भधारणा आणि स्तनपान

अहवालावर आकडा आला की पहिली भीती जोडीदाराबद्दल वाटते. ‘पार्टनर’ या अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा समलिंगी पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमविना सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले आणि २०० च्या खाली व्हायरल लोड असलेल्या जोडीदाराकडून एकही संसर्ग झाला नाही. आधीच्या टप्प्यात भिन्नलिंगी जोडपीही होती आणि निष्कर्ष तोच होता. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असे स्पष्ट केले, की विषाणू आढळत नसेल तर लैंगिक संबंधातून संक्रमणाचा धोका शून्य आहे, आणि तो आढळत असला तरी आकडा १००० पर्यंत असेल तर धोका जवळजवळ शून्य, नगण्य आहे. म्हणजे ८० किंवा १५० वर स्थिरावलेल्या व्यक्तीने या कारणासाठी स्वतःला दूर सारण्याची गरज नाही.

ही खात्री लैंगिक संबंधांपुरतीच आहे. स्तनपानाला आणि एकाच सुईच्या वापराला ती लागू होत नाही. गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीच्या अहवालावर आकडा आल्यास तीन महिने थांबण्याचा नेहमीचा क्रम पाळू नये. डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण प्रसूतीचा प्रकार आणि बाळाला द्यायची औषधे त्यावर ठरतात.

औषध थांबवून पाहू नये

आकडा जातच नाही म्हणजे औषधाचा उपयोग नाही, असे वाटून काही जण गोळ्या सोडतात, तर काही जण ‘शरीराला विश्रांती’ म्हणून. औषध थांबवल्यावर बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत विषाणू हजारोंच्या, कधी लाखांच्या घरात परत येतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या चाचणीत पाच हजारांहून अधिक व्यक्ती होत्या. सीडी-४ च्या संख्येनुसार औषध थांबवत आणि सुरू करत राहणाऱ्या गटात आजारपण आणि मृत्यू दोन्ही अधिक झाले, त्यामुळे ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. साठा किती चिवट असतो याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील मिसिसिपीतले एक मूल आहे. जन्मानंतर सुमारे ३० तासांतच त्याला उपचार मिळाला होता, पुढे औषध बंद झाल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्या रक्तात विषाणू सापडला नव्हता, आणि २०१४ मध्ये तो परत आला.

नोंदी स्वतःकडे ठेवाव्यात

अशा व्यक्तीने एक वही करावी आणि प्रत्येक व्हायरल लोडसमोर तारीख, प्रयोगशाळेचे नाव, चाचणीची पद्धत, नमुना प्लाझ्माचा की वाळवलेल्या ठिपक्याचा, त्या वेळी चालू असलेली एआरटी, सोबतची इतर औषधे आणि मागच्या महिन्यात आलेला ताप, झालेला संसर्ग किंवा घेतलेली लस यांची नोंद करावी. औषधप्रतिकाराचे जुने अहवाल तिच्यातच चिकटवावेत. ते कधीही टाकून देऊ नयेत, कारण एकदा साठ्यात गेलेला प्रतिकार वर्षांनंतरही तेथे असतो आणि पुढचे औषध निवडताना तो विचारात घ्यावा लागतो. कारण स्पष्ट झाल्यावर डॉक्टरांकडून त्याची लेखी नोंद घ्यावी: औषधाची पातळी कोणत्या तारखेला पुरेशी आढळली, प्रतिकार चाचणीत काय आले, आणि उपचार न बदलण्याचा निर्णय कोणत्या आधारावर झाला. डॉक्टर बदलले किंवा गाव बदलले की नव्या ठिकाणी तपास पुन्हा ‘गोळ्या नियमित घेता ना?’ येथून सुरू होतो, आणि त्या वेळी हा कागद पुढे करता येतो. आकडा किती वर गेल्यास आधी वेळ न ठरवता लगेच यायचे, तो उंबरठाही याच कागदावर लिहून घ्यावा. नेहमीच्या पातळीच्या तिपटीहून मोठी वाढ किंवा २०० ची रेषा प्रथमच ओलांडणे, यांपैकी काहीही झाले तर तपास पुन्हा पहिल्या पायरीपासून करायचा असतो, कारण क्लोन असलेल्या व्यक्तीच्याही गोळ्या चुकू शकतात.